हालो-हालो म्हणजे मिसळ

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कोजागिरीच्या कार्यक्रमात बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेले भाषण. बोलताना राहिलेल्या दोन-चार गोष्टी त्यांनी स्मरणिकेसाठी लिहून दिल्या, त्याही यात घेतल्या आहेत. — संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काकू, दहा मिनिटं बोला, परदेशातले अनुभव सांगा." परदेश म्हणजे मी एकदाच गेले, २०१८ च्या नोव्हेंबरात, जपानला. एकवीस दिवस होते. फुजी पर्वत पाहिला, तो ढगात होता. बुलेट ट्रेन पाहिली, ती ढगात नव्हती. त्याचे फोटो मुलानं तेव्हाच ग्रुपवर टाकले होते, ते तुम्ही पाहिलेत आणि अंगठेही दाखवलेत. म्हणून आज मी एकाच संध्याकाळच्या जेवणाबद्दल बोलणार आहे.

आमचं घर माळकरी, हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. सासऱ्यांची पौषातली त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची वारी कधी चुकली नाही. त्यांच्यानंतर ह्यांची, आणि हे गेल्यापासून माझी. कांदा-लसूण चालतो, पण मासळी-मटण उंबऱ्याच्या आत नाही. मुलगा जपानला नोकरीला गेला तेव्हा मी त्याच्या बॅगेत गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट असं सहा किलो भरून दिलं होतं. तो राहायचा टोकियोतल्या निशी-कासाईला. तिथे आपली माणसं पुष्कळ. सन २००० च्या आगेमागे कॉम्प्युटरवाले इंजिनिअर गेले ते तिथेच वसले. आपल्याकडचे योगेंद्र पुराणिक पुढच्याच वर्षी, २०१९ ला, त्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. तेव्हा खाण्याचे हाल झाले वगैरे काही नाही. तूरडाळ मिळते, कोथिंबीर मिळते. कढीपत्तासुद्धा मिळतो, फक्त किंमत रुपयात मोजायची नाही.

तर मी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, रविवारी एका ठिकाणी जेवायला जायचंय." आवाजावरूनच मला कळलं. मुलगी होती. बरोबर काम करणारी. वडील जपानी, आई फिलिपिन्सची. आणि जेवायला जायचं होतं ते त्या आईच्याच हॉटेलात.

खरं सांगते, मी त्या रविवारी नकार द्यायला म्हणूनच गेले होते. तोंडावर नव्हे. आपण कसं म्हणतो, "पत्रिका बघून कळवतो", तसं काहीतरी. मनात सगळं ठरवलेलं होतं. पर्समध्ये मात्र कोंडाजीचा चिवडा आणि येवल्याची एक पैठणीच्या काठाची ओढणी होती, कारण रिकाम्या हातानं जायचं नाही. म्हणजे बघा माझं किती ठरलेलं होतं ते.

दोन गाड्या बदलून आम्ही ताकेनोत्सुका नावाच्या स्टेशनवर उतरलो. टोकियोचा उत्तरेकडचा भाग आहे. तिथे फिलिपिनो लोक बरेच, त्यामुळे त्याला छोटं मनिला म्हणतात. सगळ्या जपानात मिळून ते लोक तीन लाखांच्या आसपास आहेत. हॉटेल म्हणजे आपल्या सोसायटीच्या ऑफिसाएवढं. एक लाकडी ओटा, त्याला लागून आठ स्टुलं, मागे दोन टेबलं. दारावर जपानी पद्धतीचा कापडी पडदा. आत गेलं की एका भिंतीवर मेरीमातेची तसबीर आणि समोरच्या फळीवर पंजा हलवणारं जपानी मांजर. दुपारी तिथे जपानी जेवण मिळतं, जवळच्या दुकानांतले लोक येतात. संध्याकाळी फिलिपिनो. पण तसं काटेकोर काही नाही. दुपारी भाताबरोबर कच्च्या पपईचं लोणचं येतं आणि रात्री फिलिपिनो गिऱ्हाइकाला मिसोचं सूप लागतंच. त्या लोणच्याला ते 'अचारा' म्हणतात. मी म्हटलं, हा तर आपला शब्द. तर खरंच आपलाच आहे, अचार. कुठून कुठे गेला.

आता जेवण. ह्यातच सगळी गंमत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जपानी स्वयंपाकात शाकाहारी माणसाची फसगत कुठे होते माहीत आहे का? पाण्यात. सूप दिसतं साधं, वर टोफूचे चार तुकडे, पण ज्या पाण्यात ते केलं ते सुक्या माशाच्या किसाला उकळून काढलेलं असतं. त्याला 'दाशी' म्हणतात. भाजी शिजवायची ती दाशीत, नूडल्स दाशीत. आणि फिलिपिनो स्वयंपाकात फसगत होते मिठात. ते मिठाऐवजी माशाचं आंबवलेलं पाणी घालतात, नाहीतर कोळंबीचं खारं वाटण. म्हणजे दोन्हीकडून मी कात्रीत. मुलानं आधी फोन करून सांगितलेलं होतं, पण मी मनात म्हटलं, सांगून काय होतंय, त्यांना कळणार थोडंच. तेवढंच निमित्त मिळेल.

विहीणबाई (आता त्या विहीणबाईच आहेत, म्हणून तसंच म्हणते) ओट्यामागे उभ्या होत्या. माझ्याहून बुटक्या, हसऱ्या, कपाळावर घाम. त्यांनी मला आत बोलावलं आणि शेगडीवरची दोन पातेली दाखवली. कोरी करकरीत. एकाच्या बुडाला दुकानाची चिकटपट्टी अर्धी जळून तशीच राहिली होती. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "ह्यात कधीच मासा शिजला नाही. चमचासुद्धा नवा आहे." मग एक काळी पट्टी दाखवली, समुद्रातल्या वनस्पतीची, कोंबू म्हणतात. त्या दिवशीचं दाशी त्यांनी नुसत्या कोंबूचं केलं होतं. बौद्ध मठांतून भिक्षूंसाठी असाच स्वयंपाक करतात.

मंडळी, आपल्यातल्या किती जणांनी पाहुण्याच्या पथ्यासाठी नवं पातेलं घेतलंय? मी तरी नाही घेतलेलं.

मग पानं मांडली. त्यांनी मुगाची आमटी केली होती. चेष्टा करत नाही, मुगाचीच. फिलिपिन्समध्ये मूग शिजवून त्याला लसूण-कांदा-टोमॅटोची फोडणी देतात, आणि ख्रिस्ती लोक उपासाच्या शुक्रवारी हमखास तेच खातात. लाल भोपळा आणि चवळीच्या शेंगा नारळाच्या दुधात. चिंचेचं आंबट सूप, त्याला सिनिगांग म्हणतात, आपल्या साराच्या जवळचं. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण आणि तमालपत्र घालून परतलेल्या शेंगा. ह्या शेवटच्याला 'अडोबो' म्हणतात. नाव स्पॅनिश लोकांनी दिलेलं, पण व्हिनेगरमध्ये शिजवायची रीत त्यांची आधीचीच. गोव्याचं विंदालू आठवा, तेही व्हिनेगर-लसणाचंच. आम्ही ते खात नाही, पण वास माहीत आहे. बाकीच्यांसाठी कोंबडीचा अडोबो वेगळ्या कोपऱ्यात, झाकण घालून ठेवला होता. आणि ह्या सगळ्याबरोबर भात मात्र जपानी, चिकट, गोळा होणारा.

हा भात आमटीत कालवता येत नाही. मी प्रयत्न केला. मुलगी काड्यांनी सराईतपणे जेवत होती, तिचे वडीलही. विहीणबाई चमचा आणि काटा घेऊन, फिलिपिनो लोक तसंच जेवतात. माझ्या हातात काड्या दिलेल्या, आणि माझा भोपळा तीनदा पानात परत पडला. विहीणबाईंनी ते पाहिलं. काही बोलल्या नाहीत. चमचा-काटा बाजूला ठेवला, उठून हात धुतले आणि हातानं जेवायला लागल्या. त्यांच्याकडे त्याला 'कामायान' म्हणतात. केळीच्या पानांवर भात-भाज्या एका रांगेत पसरायच्या आणि सगळ्यांनी मिळून हातानं खायचं. मग मीही हात धुतले. थोड्या वेळानं व्याह्यांनीसुद्धा काड्या खाली ठेवल्या. त्यांना काही ते जमेना, भात शर्टाच्या बाहीपर्यंत गेला. गंभीर चेहऱ्याचा माणूस तो, पण तेव्हा पहिल्यांदा हसला.

बोलणं कसं चाललं होतं ते तर विचारूच नका. व्याही जपानीत बोलायचे, मुलगा मला मराठीत सांगायचा, मी मराठीत उत्तर द्यायचे, ते इंग्रजीत व्हायचं, मग मुलगी आईला त्यांच्या भाषेत. एका वाक्याला चार मुक्काम. त्यावरून विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या भागातला एक संत दुभाषी होता, माहीत आहे ना?" मला वाटलं, काहीतरी गडबड आहे. आमचे संत म्हणजे निवृत्ती, ज्ञानदेव. ते कुठे जपानला जातात? तर त्या सांगत होत्या वसईच्या गोन्सालो गार्सियाबद्दल. आपल्या वसईचा. सोळाव्या शतकातला मुलगा, वडील पोर्तुगीज आणि आई वसईकडची असं सांगतात. तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला, तिथून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि १५९३ साली मनिलाहून निघालेल्या वकिलातीबरोबर दुभाषी म्हणून परत जपानला आला. पुढे तिथल्या सत्ताधीशाची मर्जी फिरली. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं, त्यात हा होता. १८६२ साली त्याला संत ठरवलं. म्हणजे वसई, जपान आणि फिलिपिन्स ह्या तिन्ही गावांचं पाणी प्यायलेला माणूस चारशे वर्षांपूर्वी होऊन गेला होता आणि मला ते टोकियोत एका फिलिपिनो बाईनं सांगितलं. परत आल्यावर मी वसईच्या मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, इथे त्यांच्या नावाचं कॉलेज आहे की." असो.

शेवटी गोड आलं. उंच काचेच्या पेल्यात. तळाला पाकातले घेवडे, मूग, नारळाच्या पाण्याची जेली, केळं, वर किसलेला बर्फ, बर्फावर आटीव दूध आणि एक जांभळा गोळा. तो जांभळा गोळा कोनफळाचा. आपलंच कोनफळ, ज्याची गुजराती लोक उंधियोत भाजी करतात. तिकडे त्याला 'उबे' म्हणतात आणि साखर घालून हलव्यासारखं आटवतात. हे सगळं लांब चमच्यानं वरखाली ढवळायचं. नाव 'हालो-हालो'. मी अर्थ विचारला. मुलगी म्हणाली, "मिक्स-मिक्स." मुलगा पटकन म्हणाला, "आई, मिसळ." नाशिकच्या बाईला आणखी काय सांगायचं! फक्त तर्रीच्या जागी बर्फ.

हा पदार्थ सगळी दुनिया फिलिपिनो म्हणून ओळखते, पण त्याची सुरुवात मनिलातल्या जपानी फेरीवाल्यांनी केली. अमेरिकन लोकांनी १९०२ मध्ये मनिलात बर्फाचा कारखाना उभारला. तिथे आलेल्या जपान्यांनी आपल्याकडचा बर्फाचा किस आणि पाकातल्या डाळी एकत्र करून विकायला सुरुवात केली. नंतर त्यात फिलिपिनो लोकांनी केळं, फणस, नारळ, कोनफळ असं एकेक घातलं.

आणि मग विहीणबाईंनी जे सांगितलं, त्यासाठी खरं तर मी आज उभी राहिले.

जपानी सैन्य मनिलात १९४२ च्या जानेवारीत शिरलं. १९४५ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सैन्य परत आलं तेव्हा महिनाभर शहरात लढाई झाली आणि एक लाखाच्या आसपास साधी माणसं मेली. विहीणबाईंच्या आजीचा नवरा आणि दोन भाऊ त्यात गेले. म्हणून १९९१ साली नातीनं जपानी माणसाशी लग्न ठरवलं, तेव्हा आजी लग्नाला आली नाही. आशीर्वादाचं पत्र नाही, काही नाही. पण तीच आजी दर उन्हाळ्यात हालो-हालो खायची. मी विचारलं, "त्यांना माहीत नसेल, ते जपान्यांचं आहे म्हणून?" विहीणबाई म्हणाल्या, "माहीत होतं. लहानपणी ती जपानी फेरीवाल्याकडूनच घ्यायची. ती म्हणायची, बर्फवाला वेगळा."

व्याही ओट्याच्या टोकाला बसून पेला पुसत होते. त्यांना त्या भाषेतलं किती कळलं, कोण जाणे. त्यांनी मान वर केली नाही.

मग त्यांनी जपानमधले सुरुवातीचे दिवस सांगितले. भाड्याची खोली होती. ह्या माणसाला लग्नानंतर सुक्या माशांची हौस, म्हणजे विहीणबाईंना. गावाकडून आलेले मासे तळले की शेजारून घरमालकाकडे चिठ्ठी जायची. गंमत म्हणजे शेजारीही रोज मासाच भाजायचे, पण तो त्यांचा मासा. शेवटी ह्या बाई पावसाची वाट बघायच्या. मुसळधार पाऊस लागला, वारा सुटला, की खिडक्या लावून पटकन चार मासे तळून घ्यायच्या. हे त्या हसत हसत सांगत होत्या. आणि मग मला म्हणाल्या, "तुमच्याकडे असं नसेल ना? तुम्ही लोक तर पाहुण्याला देव म्हणता."

मी म्हटलं, "नाही, आमच्याकडे असं नाही."

मंडळी, २०१३ साली ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर मणिपूरच्या दोन मुली भाड्यानं राहत होत्या. शहरातल्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या. रात्रपाळी करून सकाळी यायच्या आणि तेव्हा स्वयंपाक करायच्या. वासाची तक्रार झाली. तेव्हा मी कमिटीत होते. मालकांना पाठवलेलं पत्र माझ्या अक्षरात आहे, सेक्रेटरींच्या कपाटात त्या वर्षीच्या फाइलमध्ये असेल. त्यात मी "सोसायटीच्या संस्कृतीस बाधक" असा शब्द वापरला होता. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पंधरा दिवसांत मुली गेल्या. जाताना त्यातली एक माझ्या दारी आली, तिच्याकडची तुळशीची कुंडी मला देऊन गेली. तिला वाटलं असेल की काकूंकडे तुळस आहे, जगवतील. पत्र कोणी लिहिलं ते तिला ठाऊक होतं की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही. कुंडी अजून माझ्या गॅलरीत आहे.

ताकेनोत्सुकाच्या त्या हॉटेलात, त्या नव्या पातेल्यांसमोर मी खोटं बोलले. मुलाला ते माहीत होतं, कारण २०१३ ला तो इथेच होता. चार मुक्कामांतून जाणारं माझं ते वाक्य त्यानं काही न बदलता पोचवलं. परतताना गाडीत दोघंही बोललो नाही. निशी-कासाईला उतरल्यावर तो म्हणाला, "मग पत्रिका बघायची का?" मी म्हटलं, "गप रे. त्यांना म्हणावं, चिवडा हवाबंद डब्यात ठेवा."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वर्षी लग्न झालं. सूनबाई पहिल्यांदा इथे आली तेव्हा लिफ्टमध्ये कोणीतरी तिला "चायना?" विचारलं, ती "नाशिक" म्हणाली. ती घरी माझ्यासाठी माळ पाळते. बाहेर काय खाते ते मी विचारत नाही, आणि ती मुंबईला गेली की बोंबील खाऊन येते हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळतं. विहीणबाईंना मी ती मणिपूरच्या मुलींची गोष्ट मागच्या वर्षी फोनवर सांगितली. सहा वर्षं लागली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग विचारलं, "तुळस अजून आहे?"

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर भाडेकरूंसाठीची नवी नियमावली आहे. त्यातला आहाराबद्दलचा नियम मी वाचला. मसुदा कोणी केला ते विचारत नाही, भाषा ओळखीची वाटली, बहुतेक माझ्याच जुन्या पत्रावरून घेतली आहे. त्याच्या विरोधात माझं एक मत आहे, ते इतिवृत्तात लिहून घ्यावं अशी मी आत्ताच विनंती करते. काहींना राग येईल, येऊ दे. मी माळ सोडलेली नाही आणि सुकटीचा वास मला आजही आवडत नाही.

आता खाली पार्किंगमध्ये तीन नंबरच्या टेबलावर सूनबाईनं हालो-हालो केलंय. कोनफळ थंडीत येतं, यंदा भद्रकालीत अजून दिसलं नाही, म्हणून रताळं घातलंय. रंग जांभळा नाही त्याबद्दल ती सकाळपासून हळहळतेय. आटीव दुधाच्या जागी आपलं कोजागिरीचं मसाला दूध आहे. घेवड्याऐवजी राजमा, पाकातला. पूर्ण शाकाहारी आहे, पातेलीही आमची घरची आहेत. बर्फ सातला आणलाय आणि आता साडेआठ होत आले. मला वाटतं मी थांबावं, नाहीतर तुम्हाला नुसतं दूधच मिळेल.